फ्लोरेन्समध्ये दोनच दिवस असतील तर उफ्फिझीच्या आधी भिंती पाहा

कृष्णाकाठ

ओळखीतलं कुणी इटलीला निघालं की फ्लोरेन्ससाठी दोन दिवस ठेवतं आणि त्यातला पहिला अख्खा दिवस उफ्फिझी आणि आकादेमिया या दोन संग्रहालयांत जातो. माझं मत असं की हा क्रम उलटा हवा. प्रबोधनकाळातली कला ज्या भिंतीसाठी, ज्या कोनाड्यासाठी घडली, तिथे आधी पाहा. संग्रहालयं उरलेल्या वेळात.

आर्नो नदीपलीकडे सांता मारिया देल कार्मिने हे चर्च आहे. दर्शनी भिंत इतकी ओबडधोबड की माणूस पुढे निघून जाईल. आतल्या ब्रांकाच्ची चॅपेलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या छोट्या प्रार्थनादालनात, चित्रकार मासाच्चोने १४२० च्या दशकात, डाव्या भिंतीवर, येशू आणि शिष्यांकडे कर मागायला आलेल्या माणसाचा प्रसंग रंगवला आहे. चित्रातल्या माणसांवर उजेड उजवीकडून पडतो. तिथे उभं राहिलं की कळतं, उजवीकडे वेदीच्या वर खरीखुरी खिडकी आहे. त्याने त्या खिडकीचाच उजेड चित्रात घेतला! पुस्तकात हे चित्र मी वीस वर्षं पाहत होतो, पण ही गोष्ट तिथे दिसणं शक्यच नव्हतं. मासाच्चो १४२८ मध्ये, जेमतेम सव्विसाव्या वर्षी गेला.

सान मार्कोच्या मठातही तेच. एकेका संन्याशाची छोटी खोली, एक खिडकी आणि फ्रा आंजेलिकोचं एक भित्तिचित्र. एकाच माणसाने रोज पाहावं म्हणून काढलेलं. त्या खोलीत मी दहा मिनिटं उभा होतो आणि नंतर बराच वेळ बोलावंसं वाटलं नाही.

अनघा_म्युनिक

कृष्णाकाठ, लिहिलंय मनापासून, पण मला हे पटत नाही. "मूळ जागा" म्हणजे नेहमी सर्वांना खुलं देऊळ असं तुम्ही धरून चालला आहात. बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' कुठे होतं? फ्लोरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेडिची घराण्यातल्या एका शाखेच्या राहत्या वाड्यात, शयनगृहाला लागून असलेल्या खोलीत. तिथे तुम्हाआम्हाला कोण उभं करणार होतं? ते चित्र आज कुणीही तिकीट काढून पाहू शकतो, ते संग्रहालयामुळे. घराण्यातली शेवटची वारस आन्ना मारिया लुइझा हिने १७३७ मध्ये करारच केला की हा संग्रह फ्लोरेन्सबाहेर जाणार नाही. राजवाडे रिकामे होऊन चित्रं लिलावात गेल्याची उदाहरणं युरोपात थोडी नाहीत. त्या बाईंचे उपकार मानून मी पहिली सकाळ उफ्फिझीलाच देते.

आणि जागेवर ठेवण्याची किंमत पण पाहा. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नोला पूर आला तेव्हा कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्मागृहाच्या दारावरच्या, शिल्पकार गिबेर्तीच्या दहा सोनेरी फलकांपैकी पाच निखळून पडले. १९९० मध्ये ते दार उतरवलं, आता मूळ दार कॅथेड्रलच्या संग्रहालयात काचेमागे आहे आणि बाहेर प्रतिकृती. ते आधी व्हायला हवं होतं असं मला वाटतं.

चित्रकथी

भित्तिचित्राच्या बाबतीत कृष्णाकाठांच्या बाजूने. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावला की तो वाळताना गिलाव्यातच पक्का होतो. म्हणून चित्रकार एका दिवसात पुरा होईल एवढाच गिलावा लावतो. त्या तुकड्याला इटालियनमध्ये 'जोर्नाता' म्हणतात. जवळून पाहिलं तर सांधे दिसतात, कुठल्या दिवशी काय झालं ते मोजता येतं. अशा चित्रात भिंत हीच चित्राची वस्तू असते.

अनघा_म्युनिक

चित्रकथी, पण भित्तिचित्रंही भिंतीवरून उतरवतात. सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चमधली मासाच्चोचीच 'त्रिमूर्ती' (ख्रिस्ती धर्मातली: पिता, पुत्र, पवित्र आत्मा) घ्या. १५७० च्या सुमारास वास्तुकार वाझारीने तिच्यापुढे नवी वेदी बांधून ती झाकली. १८६० च्या सुमारास सापडली, तेव्हा उतरवून दुसऱ्या भिंतीवर नेली. म्हणजे ज्या चित्राचं उदाहरण तुम्ही लोक नेहमी देता, ते स्वतःच सुमारे नव्वद वर्षं परक्या जागी होतं. आणि टिकलं.

कृष्णाकाठ

अनघाताई, प्रिमावेराचा मुद्दा मान्य. तो मी विचारातच घेतला नव्हता. गिबेर्तीच्या दाराबद्दलही वाद नाही.

पण त्रिमूर्तीची गोष्ट पुढे सांगायला हवी. १९५२ मध्ये जुन्या जागी खालच्या बाजूला रंगवलेला सांगाडा सापडला आणि वरचं चित्र परत तिथे आणून जोडलं. सांगाड्यावर लिहिलंय: तुम्ही आहात तसा मी होतो, मी आहे तसे तुम्ही व्हाल. वर क्रूसावरचा येशू, खाली हा सांगाडा, आणि दोन्हींच्या मधोमध, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला, चित्रातल्या सगळ्या रेषा मिळतात. नव्वद वर्षं लोक वरचा अर्धाच भाग पाहत होते. चित्र टिकलं हे खरं, पण त्याचं म्हणणं तुटलं होतं. मी ज्या नुकसानीबद्दल बोलतोय ती ही.

पुराबद्दल एवढंच: त्या दिवशी सर्वांत जास्त हानी झालेल्या कलाकृतींत चित्रकार चिमाबुएचा, सांता क्रोचे या चर्चमधला रंगवलेला क्रूस होता. तेव्हा तो मठाच्या जुन्या भोजनशाळेत, संग्रहालयातच होता. पाणी शिरायचं तिथे शिरतं.

लोखंड_आणि_चुना

मी बांधकामातला माणूस. वाद चित्रांवर चाललाय आणि घुमटाचं कुणी नावही घेत नाही, म्हणून लिहितो. वास्तुकार ब्रुनेल्लेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये कॅथेड्रलचा घुमट जमिनीपासून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता बांधला. तोवर सवय अशी की आधी लाकडाचा साचा, मग त्यावर कमान. एवढ्या रुंदीला पुरेल असं लाकूड आणि तेवढी उंची पेलणारा साचा उभा करणंच अवघड होतं. त्याने दोन कवचं केली, आतलं जाड आणि बाहेरचं पातळ. विटांच्या आडव्या थरांत ठरावीक अंतराने उभ्या विटा घातल्या, त्यामुळे ओला थर आत घसरला नाही. ४६३ पायऱ्या चढताना तुम्ही या दोन कवचांच्या मधून जाता आणि त्या तिरक्या ओळी हाताच्या अंतरावर दिसतात. याला कुठलं संग्रहालय पुरणार? गुडघे चालत असतील तर दोन्ही क्रम बाजूला ठेवा आणि सकाळी आधी हे करा.

करवीरकर

थोडं विषयाबाहेर, पण आपल्या लोकांनी पाहावंच असं एक ठिकाण. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. वय वीस. कास्चिने बागेच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे छत्री आहे, आत अर्धपुतळा. आराखडा मेजर मँटचा, ज्याने कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचाही आराखडा केला. जवळच्या पुलालाही 'भारतीया'चंच नाव आहे. मी संगमावर गेलो तेव्हा पाणी संथ होतं आणि सायकलवाले बाजूने जात होते. आपल्याकडे संगमावर दहन का करतात हे त्या लोकांना कुणी तरी समजावून सांगितलं असेल, आणि त्यांनी ऐकलं.

कृष्णाकाठ

करवीरकर, हा पुतळा दालनात नेऊन ठेवला तर त्याचं काय उरेल?

अनघा_म्युनिक

तो तिथेच राहावा. यात मी तुमच्याबरोबर. पण दगड झिजायला लागला की मी प्रतिकृतीची मागणी करणार, हे आत्ताच सांगून ठेवते. ऑक्टोबरात पुन्हा जातेय. पहिली सकाळ कार्मिनेला देईन. तिथे वेळ ठरवून सोडतात, म्हणून चॅपेलचं आरक्षण आजच करून टाकलं. दुपारी उफ्फिझी मात्र सोडणार नाही.