खाते कुलूपबंद करूनही एसएसएचने प्रवेश होतो: एलडॅप डिरेक्टरीतून कमांडलाइनने प्रवेश पूर्णपणे कसा काढावा?

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे ओपनएलडॅपची डिरेक्टरी (वापरकर्त्यांची खाती आणि गट एका ठिकाणी ठेवणारी व्यवस्था) असून तिच्यात सुमारे ३०० खाती आहेत, आणि लिनक्सचे १४ सर्व्हर एसएसएसडी या जोडणी-सेवेमार्फत तिला जोडलेले आहेत. कंत्राट संपलेल्या सात जणांचा प्रवेश काढण्याचे काम गेल्या आठवड्यात माझ्याकडे आले. सर्व काम टर्मिनलवरूनच करायचे असल्याने मी एक एलडीआयएफ फाइल (डिरेक्टरीतील बदल लिहिण्याची मजकुरी फाइल) तयार केली, तिच्यात प्रत्येक खात्याच्या नोंदीला पीडब्ल्यूडीअकाउंटलॉक्डटाइम (खाते कुलूपबंद करणारा नोंदीतील रकाना) हे अ‍ॅट्रिब्यूट ‘०००००१०१००००झेड’ या मूल्यासह जोडले आणि ती फाइल एलडॅपमॉडिफाय या बदल करणाऱ्या कमांडला दिली. कमांड विनातक्रार पार पडली, आणि त्या खात्यांनी वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये शिरण्याचा प्रयत्न केल्यास त्रुटी ४९ (ओळखमाहिती अमान्य) येऊ लागली, म्हणून मी काम पूर्ण झाल्याचे कळवूनही टाकले.

तिसऱ्या दिवशी एका सर्व्हरच्या लॉगमध्ये त्यांपैकीच एका खात्याचे एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर टर्मिनलमधून शिरण्याच्या पद्धतीने) झालेले यशस्वी लॉगिन दिसले. चौकशी केल्यावर ती जुनी आपोआप चालणारी स्क्रिप्ट निघाली, त्यामागे कोणाचा वाईट हेतू नव्हता. तरीही मी बंद म्हणून कळवलेले दार उघडे होते ही गोष्ट मला फार लागली आहे.

दुसरी अडचण गटांची आहे. सर्व गटांतून ही नावे काढण्यासाठी दुसरी फाइल चालवली, तेव्हा मधल्याच एका गटावर त्रुटी ६५ आली आणि त्यापुढचे काहीच झाले नाही. हे सगळे टाळून एलडॅपडिलीट या कमांडने नोंदीच काढून टाकाव्यात का? योग्य क्रम कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

आपण लावलेले कुलूप खोटे नाही, मात्र ते एकाच दाराला लागलेले आहे. त्या अ‍ॅट्रिब्यूटचे ते विशिष्ट मूल्य म्हणजे प्रशासकाने उघडेपर्यंत कायमचे कुलूप, परंतु त्याची तपासणी पासवर्ड देऊन डिरेक्टरीशी बाइंड करतानाच (ओळख पटवून जोडले जातानाच) होते. एसएसएचच्या सार्वजनिक कीने (पासवर्डऐवजी वापरल्या जाणाऱ्या डिजिटल किल्लीने) येणारा माणूस डिरेक्टरीला पासवर्ड दाखवतच नाही. त्याची ओळख सर्व्हरवरच पटते आणि डिरेक्टरीला विचारले जाते ते एवढेच की या नावाचे खाते आहे का. खाते होते, म्हणून त्याला आत घेतले गेले.

हे दार बंद होते ते एसएसएसडीच्या प्रवेश तपासणीच्या टप्प्यावर. तिथे अ‍ॅक्सेस प्रोव्हायडर (कोणाला आत घ्यायचे हे ठरवणारी सेटिंग) नेमलेला नसेल, तर मूळ वर्तन ‘परमिट’ म्हणजे सर्वांना मुभा असे असते, आणि आपल्याकडे नेमके हेच घडले असावे असे मला वाटते. तो ‘एलडॅप’ करून तपासणीच्या क्रमात ‘एक्स्पायर’ आणि मुदतीच्या धोरणात ‘शॅडो’ लिहिले, की शॅडोएक्स्पायर हे अ‍ॅट्रिब्यूट कीने येणाऱ्यालाही अडवते. त्यासाठी एसएसएच सर्व्हरमध्ये पॅमचा (लिनक्सच्या प्रवेश-तपासणी यंत्रणेचा) वापर सुरू असणे मात्र आवश्यक आहे. शॅडोएक्स्पायरमध्ये १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांची संख्या लिहितात. तिथे शून्य कधीही लिहू नये, कारण शून्याचा अर्थ काही ठिकाणी ‘मुदत संपली’ असा तर काही ठिकाणी ‘मुदतच नाही’ असा घेतला जातो, १ लिहावे. नोंदीला शॅडोअकाउंट हा ऑब्जेक्टक्लास (नोंदीत कोणते रकाने चालतात हे ठरवणारा प्रकार) आहे याचीही आधी खात्री करावी.

आपले आधीचे कुलूपच एसएसएसडीने पाहावे असा ‘लॉकआउट’ हा पर्यायही आहे, परंतु त्यासोबत पासवर्ड धोरणाच्या नोंदीचा डीएन (डिरेक्टरीतील पूर्ण पत्ता) द्यावा लागतो. तो द्यायचा राहिला तर एसएसएसडी सर्वांनाच प्रवेश नाकारते, म्हणून हा बदल आधी एकाच चाचणी सर्व्हरवर करावा आणि रूटचे (मुख्य प्रशासकाचे) एक सेशन उघडे ठेवून करावा. अशा बदलात स्वतःच बाहेर अडकलेले अनुभवी लोक मी पाहिले आहेत.

काही जण केवळ लॉगिनशेल (लॉगिननंतर सुरू होणारा कमांड-प्रोग्राम) बदलून ‘नोलॉगिन’ करतात. तेवढ्यावर विसंबू नये, कारण शेल न मागता केवळ पोर्ट पुढे नेणारे एसएसएचचे जोडणे त्यानंतरही चालू शकते.

आता सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. डिरेक्टरीतील कोणताही बदल आधीच सुरू असलेल्या सेशनला हात लावत नाही. चालू प्रोसेसला लॉगिनच्या क्षणी जे गट मिळाले, ते ती संपेपर्यंत तिच्याकडेच राहतात. शिवाय एसएसएसडी नोंदी कॅशेमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवते, त्यांची मूळ मुदत ५४०० सेकंद म्हणजे दीड तास असते. आणि पासवर्ड कॅशे करण्याची सोय सुरू असलेला लॅपटॉप नेटवर्कबाहेर नेला, तर तिथे जुना पासवर्ड चालत राहतो. म्हणून प्रत्येक सर्व्हरवर एसएसएस-कॅशे ही कमांड त्या वापरकर्त्यापुरती चालवावी, लॉगिनसीटीएलने त्याची सेशन्स संपवावीत, आणि त्याच्या नावाचे क्रॉन (आपोआप चालणाऱ्या कामांचे) वेळापत्रक, तसेच होम फोल्डरमधील ऑथोराइज्ड कीजची (प्रवेशास मान्य किल्ल्यांची) फाइल बाजूला काढावी. सर्व्हर १४ च आहेत, तेव्हा हे एका तासाचे काम आहे आणि ते टाळू नये.

दुसरे उत्तर

गटांच्या त्रुटीबद्दल लिहितो. त्रुटी ६५ म्हणजे ऑब्जेक्टक्लासच्या नियमाचा भंग. आपला तो गट ग्रुपऑफनेम्स प्रकारचा असणार, आणि या प्रकारात किमान एक सदस्य असणे बंधनकारक आहे. ज्याला काढायचे तोच शेवटचा सदस्य असेल, तर डिरेक्टरी त्याला काढू देत नाही. अशा वेळी आधी गटाच्या नव्या जबाबदार व्यक्तीला जोडावे आणि मग जुन्याला काढावे. हे दोन्ही बदल एकाच नोंदीखाली, मध्ये केवळ हायफन असलेली ओळ ठेवून लिहिता येतात आणि ते एकत्रच अमलात येतात. गटाची गरजच उरलेली नसेल तर गट काढावा. पॉसिक्सग्रुप या दुसऱ्या प्रकारच्या गटाला ही अट नाही, तो रिकामा राहू शकतो.

पुढचे बदल झाले नाहीत याचे कारण असे, की एलडॅपमॉडिफाय पहिल्या त्रुटीवर थांबते. लहान सी-चा पर्याय दिल्यास ती त्रुटी नोंदवून पुढे जाते, परंतु मी तो सहसा वापरत नाही. प्रवेश काढण्याच्या कामात कोणता बदल अडला हे ठळकपणे समोर आलेलेच बरे. त्याऐवजी लहान एन-चा पर्याय देऊन फाइल आधी कोरडी चालवून पाहावी. त्यात फाइलच्या मांडणीतील चुका सापडतात, मात्र ६५ सारखी सर्व्हरकडून येणारी त्रुटी सापडत नाही. पासवर्ड मोठ्या डब्ल्यूने विचारून घ्यावा, लहान डब्ल्यूने कमांडमध्ये लिहू नये, कारण तो शेलच्या इतिहासात उरतो.

एलडॅपडिलीटबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आज नको. नोंद काढल्यावर गटाच्या मेंबरयूआयडी या रकान्यातील नाव आपोआप जात नाही, कारण ते साधे अक्षरी मूल्य असते. रेफइंट हा ओव्हरले (काढलेल्या नोंदीचे उल्लेख आपोआप आवरणारा जोड-भाग) बसवला असला तरी तो डीएन धारण करणारी अ‍ॅट्रिब्यूट्सच आवरतो. उद्या त्याच नावाचे नवे खाते उघडले, की नव्या व्यक्तीला जुन्याचे गट न मागता मिळतात. तीच गोष्ट यूआयडीची, म्हणजे खात्याच्या ओळख-क्रमांकाची. डिस्कवरील फाइलींवर नाव नसते, क्रमांक असतो. नोंद गेल्यावर त्या फाइली मालक म्हणून नुसता आकडा दाखवतात, आणि तो आकडा पुन्हा दिला गेला तर नवा कर्मचारी त्या फाइलींचा मालक होतो. त्यामुळे आधी खाते अडवावे, मग एलडॅपसर्चने पूर्ण नोंद आणि तिचे सर्व गट फाइलमध्ये जपून ठेवावेत, नंतर गटांतून काढावे, फाइंड कमांडच्या साह्याने त्या क्रमांकाच्या फाइली शोधून त्यांचा मालक बदलावा आणि अगदी शेवटी नोंद काढावी. मी स्वतः मध्ये ९० दिवस जाऊ देतो आणि तो यूआयडी पुन्हा कधीही देत नाही.

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन

दोघांचेही मनःपूर्वक आभार. अ‍ॅक्सेस प्रोव्हायडर खरोखरच नेमलेला नव्हता. चाचणी सर्व्हरवर बदल केल्यावर त्याच कीने प्रवेश नाकारला गेला, आणि आता सर्व १४ सर्व्हरवर तो बदल केला आहे. सेशन्स तपासताना एका खात्याचे स्क्रीनमधील (जोडणी तुटली तरी टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममधील) सेशन महिनाभरापासून चालू असलेले सापडले, ते संपवले.

एक शंका उरली आहे. कुलूप लागले का हे पाहण्यासाठी एलडॅपसर्चने नोंद मागवली, तर ते अ‍ॅट्रिब्यूट दिसतच नाही. तसेच ग्रेपने (मजकुरात शब्द शोधणाऱ्या कमांडने) गट शोधताना एक गट निसटला होता, आणि तो योगायोगाने डोळ्यांना दिसला.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

ते अ‍ॅट्रिब्यूट ऑपरेशनल (सर्व्हरच्या अंतर्गत कामासाठीच्या) प्रकारचे आहे, त्यामुळे नेहमीच्या शोधात ते येत नाही; शोधाच्या शेवटी अधिकचे चिन्ह द्यावे किंवा त्याचे नाव लिहून मागावे. निसटलेल्या गटाचे कारण असे, की एलडॅपसर्च लांब ओळ मोडते आणि उरलेला भाग पुढच्या ओळीवर, सुरुवातीला एक रिकामी जागा सोडून छापते. आपण शोधत असलेला डीएन नेमका त्या मोडीवर तुटला असेल, तर ग्रेपला तो सापडणार नाही. लहान ओ-च्या पर्यायात ‘एलडीआयएफ-रॅप’ला ‘नो’ हे मूल्य द्यावे, म्हणजे ओळी अखंड येतात. इंग्रजीखेरीज अन्य लिपीतील नाव असलेली मूल्ये दोन अपूर्णविरामांनंतर (कोलननंतर) बेस६४ या सांकेतिक रूपात येतात, तीही ग्रेपला साध्या रूपात दिसत नाहीत. शक्य तिथे शोध डिरेक्टरीच्याच फिल्टरने, म्हणजे सदस्याचा पूर्ण डीएन देऊन करावा. निसटलेला गट एक सापडला आहे, तेव्हा उरलेल्या सहा खात्यांचे गटही याच पद्धतीने आजच पुन्हा पाहून घ्यावेत.