शेवटच्या पाच सेकंदांत बोली : हुशारी की लबाडी?

निपाणीकर : जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन लिलावात, वेळ ठरलेली असेल तर, पाच-सहा सेकंद उरेपर्यंत मी बोलीच लावत नाही. काहींना ही लबाडी वाटते. मला नाही वाटत. एखाद्या शिवराई नाण्यावरच्या अक्षराचं वळण वेगळं आहे हे मला दिसलं आणि मी दोन दिवस आधी बोली टाकली, की "हा लावतोय म्हणजे काहीतरी आहे" म्हणत चौघं मागं लागतात. माझा अभ्यास फुकट का वाटू?

शहापूरकर : लबाडी नाही, पण गरज काय? ईबे या लिलावाच्या वेबसाइटवर कमाल रक्कम आधीच टाकून ठेवता येते. तुमची ३,००० आणि दुसऱ्याची १,८०० असेल, तर १,८०० च्या वर एक पायरी, एवढंच द्यायचं. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्येच दाखवलं होतं की, जिंकणाऱ्यानं दुसऱ्या क्रमांकाचा भाव द्यायचा असेल तर आपल्याला पटणारी खरी किंमत लिहून मोकळं व्हावं.

निपाणीकर : गणित बरोबर, पण माणसं तशी कुठं वागतात? शंभर-शंभरनं चढतात, कुणी वर गेला की ईर्षेनं आणखी. त्यांना चढायला वेळच द्यायचा नाही. रॉथ आणि ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांचा २००२ चा अभ्यास बघा. ईबेवर घड्याळ थांबलं की लिलाव संपला. ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात अखेरच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ वाढायची. उशिराच्या बोल्या ईबेवरच जास्त, आणि त्यातही कॉम्प्युटरपेक्षा जुन्या वस्तूंवर. म्हणजे जाणकारच दबा धरून बसतात.

खानापूरकर : आणि विकणाऱ्याचं काय ओ? आजोबांची नाणी विकायला काढलेल्याला भाव कळायच्या आत लिलाव खलास! गुळाच्या सौद्यात बोली चढतीय तोवर कोण थांबवतंय काय? बँका जप्तीची घरं ई-लिलावात काढतात, तिथंबी शेवटच्या मिनिटांत बोली आली की बहुतेक वेळा पाच मिनिटं वाढवून देतात की.

निपाणीकर : मग विकणाऱ्यानं वेळ वाढणारा लिलाव निवडावा. आपल्याकडच्या बाजार समितीच्या ई-टेंडरात तर दुसऱ्याचा भाव दिसतच नाही. तिथं झाकून भाव टाकणाऱ्या व्यापाऱ्याला लबाड म्हणता?

खानापूरकर : तिथं सगळेच झाकून टाकतात. इथं बाकीचे उघड खेळतात आणि तुम्ही एकटे झाकून. फरक हाय.

अनगोळकर : न्याय-अन्याय राहू दे. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट गेली की वायफाय गेलं, आणि बोली राहिली वाटेतच. त्याच अभ्यासात उशिराची बोली कधी कधी पोचतच नाही हेही आहे, ते निपाणीकरांनी सोयीनं गाळलं! आपोआप बोली टाकणारं सॉफ्टवेअर मिळतं म्हणे, पण त्याला खात्याचा पासवर्ड द्यायचा. मी तर कमाल रक्कम टाकून झोपतो.