विषय: संखेड्याचा लेथ – आज रात्रीपर्यंत उत्तर हवं

मीना (सध्या बडोद्यात):
मंडळी, आत्ताच लाखेच्या रंगीत फर्निचरच्या संखेड्याहून आले, दांडिया बाजारात बसून लिहितेय. तिथले कारागीर काका टोरांटोला आपल्या मंडळात दहा दिवस लाखकाम शिकवायला यायला तयार आहेत, पुतण्यालाही आणतायत. पण लेथ, म्हणजे लाकूड फिरवायचं यंत्र, स्वतःचाच हवा. "हाताला बसलाय, परक्या लेथवर लाख नीट चढायची नाही." मोटर २३० व्होल्टची, टोरांटोच्या हॉलमध्ये १२०. पॅकिंगवाला सकाळी येतोय. ढोलांच्या वेळचा घोळ परत नको.

सुहास:
एवढंच ना? माझा ट्रान्सफॉर्मर न्या. आईचा बडोद्याचा मिक्सर त्याच्यावर सहा वर्षं चालतोय. फक्त परत द्या. खुर्च्या नेल्यात त्या चार कमी आल्या होत्या.

अण्णा:
सुहास, मिक्सरची मोटर ब्रशवाली, तिला विजेच्या फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे हर्ट्झचं, सोयरसुतक नाही. लेथची इंडक्शन मोटर, तिचा वेग हर्ट्झवरच ठरतो. तुझा ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलेल, हर्ट्झ नाही. बडोद्यात ५०, इथे ६०. म्हणजे मोटर २० टक्के जोरात फिरणार. आणि या कामात वेगच महत्त्वाचा. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख पातळ होऊन बसते. काकांचा सगळा अंदाज त्या वेगावर.
मोटरवरची पुली तीन इंची असेल तर अडीच इंची लावा, हिशेब जुळतो.

विद्या:
विषयांतर होतंय, पण मंडळ मराठी ना आपलं? सावंतवाडीचे चितारी कारागीर का नाही आठवले कुणाला? लाखकाम तिथेही आहे, गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, आहेत. मी गेल्या वर्षी कमिटीत बोलले होते, मिनिट्समध्ये बघा.

मीना:
विद्या, बघितलं. नंतर तू फोन उचलला नाहीस. शिवाय आमचं बडोदं कमी मराठी आहे का?

दिलीप:
बडोद्याच्या मराठीपणावरून आठवलं. माझे आजोबा कलाभवनात शिकले. सयाजीरावांनी १८९० साली काढलेली संस्था, दादासाहेब फाळकेही तिथलेच विद्यार्थी. आजोबा सांगायचे, कारागिराच्या मुलाला शिकायला मिळावं म्हणून कलाभवनात गुजरातीतून शिकवायचे. आपण मात्र दहा दिवस लाख चढवायला शिकून, फोटो काढून घरी जाणार. त्यापेक्षा त्या पुतण्याला इथल्या एखाद्या फर्निचर वर्कशॉपमध्ये दोन आठवडे बसवा. फ्लॅटमध्ये मावणाऱ्या वस्तू कशा करतात, बघू दे त्याला. संखेड्याचा झोपाळा इथल्या कुणाच्या घरात मावणार?

सुहास:
आमच्याकडे मावतो. बेसमेंटमध्ये आहे.

अण्णा:
दिलीपचं पटलं. पण कथिलाची नक्षी आपणही शिकावी. आधी ती चांदीसारखी पांढरी दिसते, वरून पारदर्शक रंगीत लाख चढली की सोनेरी होते. मी हे पन्नास वर्षं सोनंच समजत होतो.
सुहास, लेथ पाठवायच्या पेटीला प्लायवूड चालतं. साधं लाकूड वापरलं तर कीड येऊ नये म्हणून उष्णता देऊन छापा मारलेलंच लागतं, ५६ अंशाला अर्धा तास. हे मीनाला सांग, ती माझे मेल शेवटपर्यंत वाचत नाही.

मीना:
वाचते, अण्णा. काकांशी बोलले. मोटर इथेच ठेवायची, लेथ तेवढा प्लायवूडच्या पेटीतून येईल. मोटर तिकडचीच बसवू, अण्णा पुली बघतील. पुतण्यासाठी दिलीपने वर्कशॉपवाल्यांना आजच विचारावं, त्यांच्या पत्राशिवाय व्हिसाचा अर्ज भरता येणार नाही.
खुर्च्या चार नाही, तीन कमी होत्या.