व्हीनस फ्लायट्रॅप बेळगावात घरी ठेवावं का?

अनगोळकर

बेळगावच्या नर्सऱ्यांत आणि ऑनलाइनही हल्ली व्हीनस फ्लायट्रॅप हे किडे पकडणारं झाड सहज मिळतं. प्लास्टिकच्या झाकणाची डबी, आत बोटभर झाड, आणि सोबत एक शब्द माहिती नाही. माझं मत असं की हे झाड आपल्याकडं घरात ठेवू नये. कुणाला पटत नसेल तर जरूर लिहा, पण कारण द्या.

हे झाड अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या किनारी पट्ट्यातलं. विल्मिंग्टन गावाच्या आसपासच्या ओलसर, आम्लधर्मी जमिनीत ते वाढतं, आणि मूळचं रानटी असं जगात दुसरीकडं कुठंच नाही. त्या मातीत नत्र नावापुरतं असतं, ते मिळवायला झाड किडे पकडतं. अन्न मात्र बाकीच्या झाडांसारखं उन्हातच तयार करतं. लोक नेमके इथं फसतात. टीव्हीशेजारी ठेवतात, वर शेणखत घालतात, मटणाचा तुकडा टाकतात. खतानं मुळं जळतात, मटणानं सापळा, म्हणजे किडे पकडणारं पान, कुजतो.

सापळ्याच्या आत दोन्ही पाळ्यांवर बारीक केस असतात. वीसेक सेकंदांत त्यांना दोनदा धक्का लागला की पाळ्या मिटतात. आत किडा धडपडत राहिला, केस हलत राहिले, तरच पाचक रस सुटतो. पोरं काडी घालून मिटवून बघतात तेव्हा झाडाची शक्ती खर्च होते आणि पोटात काहीच जात नाही. असं मोजक्या वेळा झालं की तो सापळा काळा पडतो.

सगळ्यात मोठी अडचण थंडीची. याला हिवाळ्यात तीन-चार महिने झोप, म्हणजे वाढ थांबवून विश्रांती, लागते. तिकडं जानेवारीत रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, आपल्याकडं १३-१४ अंश म्हणजे कडाका. काहीजण झाड उपटून, ओल्या शेवाळात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवतात. दूध-भाजीशेजारी वर्षाचा चौथा हिस्सा अंधारात काढावा लागत असेल तर ते झाड आपलं नव्हे.

शहापूरची गच्ची

दादा, थंडीचं मला पटत नाही. माझं झाड गच्चीवर उघड्यावर आहे आणि फ्रिज त्यानं बघितलेला नाही. डिसेंबर लागला की नवे सापळे बारके येतात, पानं जमिनीलगत पसरतात, वाढ जवळजवळ थांबते. फेब्रुवारी संपता संपता परत उभारी धरतं. फक्त पारा बघून चालत नाही, दिवस लहान झालेलाही झाडाला कळतो. आणि बेळगाव काही सोलापूर नव्हे, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. इथं नाही जगणार तर मैदानी मुलखात कुठं जगणार?

झाडं मरतात ती पाण्यानं. बोअरचं पाणी तर विषच. नळाला राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी येतं, प्यायला चांगलं, पण यातले क्षार कुंडीत साठत जातात आणि काही महिन्यांत मुळं जातात. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप, ५० च्या खाली हवा. घरातल्या आरओच्या पाण्यावरही डोळे झाकून भरवसा ठेवू नका, बऱ्याच मशिनी चवीसाठी क्षार परत मिसळतात. टीडीएस मोजायचा मीटर काही शेकड्यांत मिळतो, एकदा बुडवून बघा. नाहीतर जून ते सप्टेंबर आपल्या डोक्यावर काय कोसळतं? गच्चीवर पिंप लावा, पहिल्या एक-दोन सरी वाहू द्या, मग भरा आणि झाकण घट्ट बसवा, नाहीतर डासांची पैदास व्हायची. कुंडी थाळीत ठेवून थाळीत बोटभर पाणी.

माती म्हणजे पीट मॉस (कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे). बागेची माती, गांडूळखत काही नको. कोकोपीट वापरायचं तर पुन्हापुन्हा धुऊन, त्यात मीठ असतं. ऊन रोज चार-पाच तास तरी थेट.

निपाणीकर

पाणी आणि ऊन ठीक. माझा आक्षेप वेगळा आहे. आमचं घर जैन. चातुर्मासात पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून आई आजही बघून पाऊल टाकते. त्याच गावात शेजारचा मुलगा चिमट्यानं जिवंत झुरळ धरून सापळ्यात सोडतो आणि रील काढतो. जंगलात झाडानं किडा धरला तर तो त्याचा स्वभाव. चिमटा माणसाच्या हातात आला की ती हिंसा माणसाची. करमणुकीसाठी मुलांच्या हाती हे देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

शहापूरची गच्ची

काका, चिमटा मीही कधी धरत नाही. उघड्यावर असलेलं झाड आपलं आपण मिळवतं, आणि एखादा महिना काही मिळालं नाही तरी मरत नाही, वाढ सावकाश होते एवढंच. पण माझी मुलगी रोज त्याच्यासमोर बसून कोळी कसा आत जातो ते बघते. ती करमणूक नाही, ते शिकणं आहे.

चंदगडची वाट

डास कमी होतात का यानं? त्यासाठीच घ्यायचा विचार होता.

अनगोळकर

नाही होत. याच्या तोंडी लागतात मुंग्या, कोळी, सरपटणारे किडे. एक सापळा एक किडा पचवायला आठवडा-दीड आठवडा घेतो. डासांसाठी जाळी लावा.

खानापूरचा गडी

काय बोलूलाय तुम्ही सगळे! अमेरिकेच्या झाडाला पैसे घालायची गरजच काय? श्रावणात या आमच्याकडं. चोर्ल्याच्या, जांबोटीच्या बाजूला सड्यावर, म्हंजे जांभ्याच्या पठारावर, दवबिंदू हाय, सीतेची आसवं हायत, दोन्ही किडे खाणारीच झाडं. आसवांची ती निळीजांभळी फुलं बघून लोक फोटो काढतात, पण खाली ओल्या मातीत त्या झाडाचे फुगे किडे ओढतात ते कुणाला ठाऊक नसतं. मी दरसाल चार दवबिंदू मातीसकट आणतो, कुंडीत लावतो. फुकट, आणि आपल्या मातीचं.

अनगोळकर

भाऊ, तुमचं झाडांवर प्रेम आहे हे दिसतं, म्हणूनच कळकळीनं सांगतो, हे थांबवा. आपल्या सड्यांवरचा दवबिंदू आणि गवती दवबिंदू एका पावसाचे. पाऊस सरला की बी टाकून सुकतात. कुंडीत आणलात तरी दिवाळीनंतर हाती काही उरत नाही, आणि सड्यावर पडायचं ते बी मात्र गेलं. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीतून रोप उचलणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बाकी सड्यावर तसा फलक नसला तरी जांभ्यावरची बोटभर माती पावसात एकदा वाहून गेली की परत कोण आणून घालणार?

खानापूरचा गडी

चार रोपांनी सडा रिकामा होतंय व्हय? गाड्या घेऊन सड्यावर चढतात त्यांना कोण बोलत नाही. एका चाकाखाली माझ्या दहा वर्षांची रोपं जातात.

निपाणीकर

गाड्यांचं खरं आहे, ते बंद व्हायलाच हवं. पण त्यांच्या चुकीनं तुमचं उपटणं बरोबर ठरत नाही. गुडघे टेकून तिथंच बघा. एका जातीच्या दवबिंदूची कडेची केसं काही सेकंदांत किड्यावर वळतात, डोळ्यांनी दिसतं.

अनगोळकर

ज्यांना घरी काहीतरी हवंच आहे त्यांनी घटपर्णीची, म्हणजे पानाच्या घड्यात किडे पकडणाऱ्या वेलीची, संकरित रोपं घ्यावीत. तिला हिवाळ्याची झोप लागत नाही, बाल्कनीतलं चाळणीचं ऊन आणि आपली पावसाळी हवा मानवते. पाणी मात्र पावसाचंच. आणि मेघालयातली आपली मूळची घटपर्णी कुणी जंगलातून काढून विकत असेल तर घेऊ नका, तिला कायद्याचं संरक्षण आहे. फ्लायट्रॅपबद्दल माझं मत कायम. एक-दोन हिवाळे काढणं वेगळं, झोपेविना वर्षानुवर्षं टिकणं वेगळं.

शहापूरची गच्ची

अर्धा दिवस ऊन नसेल त्यानं घेऊ नये, एवढं मान्य. फ्लॅटमध्ये खिडकीआड तर नकोच. थंडीवर मी मागं हटत नाही. जानेवारीत शहापुरात या दादा, झाड बघा, माती उकरून खालचा कांदा बघा, आणि मग इथं लिहा.