पावसाळ्यात आईचं फिरणं बंद, घरात काय करून घ्यावं?

प्रश्न (दादर): आई ७२ वर्षांची, गुडघे थोडे कुरकुरतात. एरवी शिवाजी पार्कला फेऱ्या मारते, पण पावसात फुटपाथ निसरडे. घर वन बीएचके. काय सुचवाल?

उत्तर: खुर्चीवरून उठबस. खुर्ची भिंतीला टेकवलेली, जड. हलकी प्लास्टिकची नको. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, पुढे झुकून उठायचं, बसताना मनात तीन मोजायचे. ८-१० वेळा, दोनदा, एक दिवसाआड. गुडघा दुखला तर बहुधा बैठक फार खाली असते. घट्ट उशी घालून उंच करा. आणि धपकन बसू देऊ नका, अर्धा व्यायाम तिथेच वाया जातो.

उत्तर: तोलाचंही बघा, लोक नेमकं तेच विसरतात. ओट्याला धरून टाचा उचलणं १० वेळा, मग एका पायावर १० सेकंद. ओल्या लादीवर किंवा मोजे घालून अजिबात नाही. पासष्टीनंतर असे ताकदीचे-तोलाचे व्यायाम आठवड्यात तीन दिवस तरी हवेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय आठवड्याला १५० मिनिटं मध्यम श्रम.

उत्तर: ती १५० मिनिटं सोसायटीच्या कोरड्या पार्किंगमध्ये, दहा-दहा मिनिटांनी भरतात. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतका वेग. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबून डॉक्टर गाठा.