मदत हवी आहे: पिलूची रोपं जगत नाहीत

नमस्कार मंडळी. आमच्याकडे खाडीच्या बांधावर, तिवरांच्या मागे, पिलूची जुनी जाळी आहे. (हो, मिस्वाकची दातवणं ज्याची, तेच.) मिरीएवढी गुलाबी-लाल फळं, चव आधी गोड, मग मोहरीसारखी नाकात जाणारी. बुलबुल एकही शिल्लक ठेवत नाहीत!

बांधाचं काम निघायच्या आत रोपं करून ठेवायची आहेत. गर धुऊन बिया पेरल्या, उगवल्याही, पण चार पानांवर येऊन देठ काळे पडले आणि माना टाकल्या. फांद्या खोचल्या, त्या वाळल्या. माती बागेतली लाल, पाणी विहिरीचं, रोज सकाळ-संध्याकाळ. पाणी जास्त होतंय का? खाडीची खारवट माती मिसळू का? कोणी स्वतः वाढवलं असेल तर कृपया सांगा, पावसाळा संपला की जेसीबी येणार.