केप एपिकमधला जोडीदार

वर एकाने लिहिलंय की दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक ही माउंटन बाइक रेस दोघांच्या टीमची आहे म्हणून सोपी, एक दमला की दुसरा ओढेल. मला हे अजिबात पटत नाही. ही काही रिले नाहीये, दोघांनीही सगळं अंतर चालवायचं असतं. प्रोलॉग (पहिल्या दिवसाची छोटी रेस) आणि 7 स्टेज, म्हणजे सलग 8 दिवस, 600 किमीच्या वर आणि त्यात 15,000 मीटरच्या आसपास चढण, आणि दोघांमध्ये 2 मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं की टीमला चक्क 1 तासाची पेनल्टी. म्हणजे तुमचे पाय कितीही ताजे असले तरी जोडीदार ज्या स्पीडने चढतोय तोच तुमचा स्पीड.

म्हणून मी तर म्हणेन पॉवर मीटरचे, म्हणजे पेडलवर किती ताकद लागतेय त्याचे, आकडे नंतर बघा, आधी लांब राइड्स त्याच माणसाबरोबर करा, तेही सलग दोन-तीन दिवस, कारण खरी ओळख दुसऱ्या दिवशी पटते, जेव्हा सीटवर बसवत नाही आणि तरी तासाला 60 ग्रॅम कार्ब्स पोटात ढकलायचेच असतात. तो भूक लागली, पाय गेले हे वेळेत तोंडाने सांगतो का, हे फार महत्त्वाचं. गप्प राहून कुढणारा जोडीदार कितीही फास्ट असला तरी नको.